आत्याच्या पोटाला छिद्रं किती?

नवराबायको दोघंही सर्जन. ऑपरेशन थिएटर एकच आणि भांडणही एकच: दुर्बिणीने पित्ताची पिशवी काढायला पोटाला छिद्रं किती पाडायची? तो बेंबीतल्या एकाच छिद्रातून काढायचा. डाग दिसत नाही म्हणून तरुण मंडळी त्याच्याकडे. बाकीचे सर्जन सहसा चार पाडतात. ती तीन पाडायची आणि चौथं वाचवल्याचा तोरा मिरवायची. सिस्टरांनी पाठीमागे नावं ठेवली होती, एकछिद्री आणि तीनछिद्री.

अशात त्याच्या आत्याच्याच पिशवीत खडे निघाले. याच आत्याने त्याला लहानाचा मोठा केलेला. जीव तिचा, पण इभ्रत दोघांची पणाला.

"बेंबीतून काढतो आत्या. डागसुद्धा दिसणार नाही."

"सत्तरीत माझं पोट बघायला कोण येणारेय रे, मेल्या?"

"एका छिद्रात हत्यारं एकमेकांवर आपटतात, आत्या," सून म्हणाली. "तिनात हात मोकळा राहतो."

आत्याने दोघांनाही भाजी निवडावी तसं निरखलं. "कापायचं सुनेने. दुर्बीण तू धरायचीस."

मुख्य गवयाला तंबोऱ्यावर बसवावं, तसा तो उभा राहिला.

आत पिशवी सुजून आजूबाजूला घट्ट चिकटलेली. पिशवीची नळी आणि तिची रक्तवाहिनी, या दोन्ही सुट्या दिसल्याशिवाय कात्री चालवायची नसते. चुकून यकृताची मुख्य नळी कापली, तर माणूस आयुष्यातून उठतो. पडद्यावर तर नुसता लाल चिखल.

"दिसतेय मला नळी," ती म्हणाली.

"मला नाही दिसत. आणि दुर्बीण माझ्या हातात आहे. चौथं पाड."

भूलतज्ज्ञांना नेमका तेव्हाच खोकला आला.

"हे तू सांगतोयस?"

"आत्या आहे ती. पाड!"

तिने पाडलं. चौथ्या छिद्रातल्या चिमट्याने पिशवी वर उचलली, हळूहळू चिखल बाजूला झाला आणि नळी आणि रक्तवाहिनी दोन्ही सुट्या दिसल्या. तिला मघाशी दिसलेली नळी यातली नव्हतीच; ती यकृताची मुख्य नळी होती. पिशवी सुखरूप बाहेर आली.

हात धुताना ती म्हणाली, "वाचवलंस मला. पण एक सांग, आत्या म्हणून चौथं मागितलंस. उद्याची तुझी पेशंट कुणाची कोण?"

त्याने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी समोर बसलेल्या मुलीला तो म्हणाला, "एका छिद्रातून सुरुवात करीन. आतलं नीट दिसलं नाही, तर आणखी तीन पाडीन. आधीच सांगून ठेवतो."

"असं किती वेळा होतं, डॉक्टर?"

"आजवर मी होऊच दिलं नव्हतं," तो म्हणाला. "आता होईल."