डावीकडचं पुढचं दार

सोमाच्या गाडीचं डावीकडचं पुढचं दार उघडत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक झालं होतं. खालापूरला कुणाला जायचं असलं की माणूस सवयीने थेट मागच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. एखादा नवखा पुढच्या हँडलला हात घालायला लागला, तर शेजारचाच सांगायचा, "ते नाय उघडत. मागं बस."

दार बिघडलं ते विशाखा गेल्यानंतर. बायको वारली तेव्हा भर पावसाळा होता, आणि पुढचे दोन-तीन महिने गाडी प्लास्टिकखाली तशीच उभी होती. दसऱ्याच्या सुमारास सोमाने बॅटरी चार्ज करून आणली आणि किल्लीवरचं बटण दाबलं. तीन दारं खट्ट करून उघडली. चौथं आतल्या आत घरघरलं आणि गप्प बसलं. त्याने बाहेरून हँडल ओढून पाहिलं, आतून खुंटी ओढून पाहिली. दार काही हललं नाही. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी गाडी घेऊन मेकॅनिककडे गेला असता. सोमाला मात्र मनातून जरा हायसं वाटलं. त्या सीटवर आता कुणी बसणार नव्हतं, आणि का बसू देत नाही हे कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

विशाखा भाजी विकायची. खालापूरला सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर तिची बसायची जागा ठरलेली होती. सोमा एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये दुसऱ्या पाळीला, त्यामुळे सकाळी तिला सोडायला तो मोकळा असायचा. भाजीच्या पाट्या मागे आणि ती पुढे. पाट्यांना जागा व्हावी म्हणून ती आपली सीट पार पुढे ओढायची, इतकी की तिचे गुडघे समोरच्या खणाला टेकायचे.

"अगं, काच फोडून बाहेर जाशील एक दिवस," सोमा म्हणायचा.

"जाईन. तुमी चालवा नीट."

सीट अजून तशीच पुढे ओढलेली होती. बसायला म्हणून तिने घातलेली जुन्या साडीची घडीही तशीच होती. सोमा दर रविवारी गाडी पुसायचा, पण ती सीट सोडून.

आणि मग पुढच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एके संध्याकाळी कोंडाण्याहून नम्रताचा फोन आला. नम्रता तिकडची आशाताई, घरोघर औषधपाणी बघणारी. सोमाची सासू ठकूबाई हिच्या शेजारीच राहायची. ठकूबाईला विशाखा एकटीच मुलगी. नवरा केव्हाच गेलेला. विशाखा गेल्यावरच्या जलदानाच्या कार्यक्रमानंतर सोमा एकदाही कोंडाण्याला गेला नव्हता. सासूचा चेहरा हुबेहूब मुलीचा, म्हणून त्याला तिकडे जाववत नव्हतं.

"काका, मामीला एका डोळ्यानं काय पण दिसत नाय," नम्रता सांगू लागली. "दुसऱ्यानं पण अंधुकच. परवा कर्जतला आपरेशनचा नंबर लावलाय. मागच्या खेपेला पण लावला होता, तर गेलीच नाय. बोलते, जावई न्यायला आला तर जाईन, नायतर ऱ्हाऊ दे. डॉक्टर बोलले, आता जास्त थांबलं तर डोळा हातचा जाईल."

"रिक्षा करून दे ना एखादी. मी दवाखान्यात येतो."

"रिक्षात कशी बसणार? पडल्यापासून गुडघा वाकत नाय तिचा. पाय लांबच ठेवावा लागतो."

"पडली? कधी?"

"पाऊस लागायच्या आधीच की. तुमाला ठाव नाय?"

सोमाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडीत पुढं बसवली तर पाय पसरता येईल," नम्रता म्हणाली. "म्हणून तुमाला बोलते."

"पुढचं दार बिघडलंय गं."

"मग करून घ्या ना, काका. दुनियेत दारं दुरुस्त होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाने गाडी हिरामणच्या शेडपुढे लावली. हिरामण म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, खालापूरच्या रस्त्यालाच त्याची पत्र्याची शेड. विशाखाकडून त्याने कित्येक वर्षं भाजी घेतली होती आणि रोज तिच्याशी भांडण काढलं होतं.

"आलात एकदाचे," तो म्हणाला. "मला वाटलं, आता हे दार उघडायला वरूनच माणूस येणार." त्याने बटण दाबून आवाज ऐकला. "मोटर गेलीय लॉकची. आतली चाकं अडकलीत आणि दांडीला धरून बसलीत. म्हणून हातानं पण उघडत नाय. मोटर हाय माझ्याकडं. पण दार बंद हाय, म्हणजे पॅनेल आतूनच काढायला लागणार. सीट मागं घ्या."

"सीट राहू दे."

"अहो, माझा हात जायला नको खाली?"

"बघ ना जरा तसंच."

हिरामणने एकदा सीटकडे पाहिलं, मग वरच्या साडीच्या घडीकडे. ड्रायव्हरच्या बाजूने तो आत शिरला. पाय ड्रायव्हरच्या सीटवर, डोकं खणाखाली, अशा अवस्थेत त्याने हँडलमागचा स्क्रू काढला, मग हात ठेवायच्या खाचेतला दुसरा. वरच्या क्लिपा टक्‌टक्‌ करून निघाल्या. खालच्या काही केल्या हाताला लागेनात. त्याने पॅनेल जरा ओढलं तसा कडकन आवाज आला.

"तुटेल हां, दादा," आतून घुसमटलेला आवाज आला. मग तो उलटा सरकत बाहेर आला. कोपर खरचटलं होतं, शर्टाला धूळ लागली होती. त्याने कपाळ पुसलं. "मी चहा सांगून येतो," म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. टपरीवर नुसती हाक मारली असती तरी चहा आला असता.

सोमा एकटाच गाडीपाशी उभा राहिला. इतका वेळ त्याच्या डोक्यात फक्त दार होतं. दार उघडलं की सासू बसेल, एवढंच. आता त्याच्या लक्षात आलं, की ज्या बाईचा पाय वाकत नाही ती गुडघे खणाला टेकवून बसणार कशी? सीट आज ना उद्या मागे न्यावीच लागणार होती. आणि म्हातारी पडली, लंगडी झाली, सगळा पावसाळा एकटीने काढला, आणि त्याला पत्ता नाही. तो इकडे एक रिकामी सीट सांभाळत बसला होता.

त्याने साडीची घडी उचलली आणि मागच्या सीटवर नीट ठेवली. खाली हात घालून सीटची दांडी वर ओढली. सीट हलली नाही. त्याने टॉर्च लावून खाली पाहिलं. ज्या पट्टीवरून सीट सरकते तिच्यात काहीतरी घट्ट रुतलं होतं. स्क्रू ड्रायव्हरने त्याने ते उकरून काढलं. वाल होते. कोंडाण्याच्या परसातले कडवे वाल. ती गेली त्या वर्षी शिमग्याला माहेराहून येताना विशाखाच्या हातातली पिशवी फुटली होती आणि अर्धी वाट ती खाली वाकून दाणे वेचत होती. तरी हे चार-पाच राहिलेच. सोमाने ते खिशात टाकले आणि पुन्हा दांडी ओढली. सीट कुरकुरली आणि एकदम शेवटपर्यंत मागे गेली.

चहा घेऊन हिरामण आला. त्याने आत पाहिलं, सोमाच्या हातात ग्लास दिला आणि कामाला लागला. पॅनेल आता सहज निघालं. मागचं प्लास्टिक बाजूला करून त्याने हात आत घातला. दोन स्क्रू ढिले करून त्याने एक काळी डबी बाहेर काढली, काडेपेटीहून जराशी मोठी. डबी सुटल्याबरोबर त्याने आतली दांडी हातानेच वर ओढली आणि हँडल खेचलं. दार उघडलं. बिजागरी इतक्या दिवसांनी मोठ्याने करकरली. कोंडलेली हवा बाहेर पडली आणि सोमाला शिळ्या कोथिंबिरीचा वास आल्यासारखा वाटला. आला असेल, किंवा नसेलही.

नवी डबी बसवून हिरामणने दोन तारा जोडल्या. "दाबा बटण."

सोमाने बटण दाबलं. तीन दारं बंद झाली. हे मात्र उघडलं. पुन्हा दाबलं तर तीन दारं उघडली आणि हे बंद झालं.

हिरामण दाराकडे बघत राहिला. "सगळी एका बाजूला आणि हे एका बाजूला. दादा, वैनीचंच दार हे. सगळा बाजार उठला तरी वैनी बसलेल्या, आणि सगळे बसले की वैनी निघाल्या." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

सोमाच्या हातात चहाचा ग्लास होता. सोमा हसायला लागला, आणि इतका हसला की त्याला ग्लास टपावर ठेवावा लागला. डोळे पुसत म्हणाला, "राहू दे का तसंच?"

"नको, नको. पाऊस-पाण्यात कुठं तरी उघडं पडेल. तारा उलट्या लागल्यात, बाकी काय नाय." हिरामणने तारांची अदलाबदल केली. चारही दारं एकदम बोलली.

ठरल्या दिवशी सोमा चौक गावावरून कर्जतला आणि तिथून कोंडाण्याला गेला. शेतांत भात पोटरीत आलं होतं. ठकूबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती, मांडीवर पिशवी. तिचं ते विशाखासारखं नाक आणि विशाखासारखी हनुवटी लांबूनच दिसली. सोमाने गाडी बंद केली, पण लगेच उतरला नाही. मग उतरला.

"जयभीम, मामी."

"वळणावरच आवाज वळखला मी गाडीचा," ती म्हणाली. "उशीर केलात."

"नाय मामी, आठच वाजतायत."

"आजचं कोण बोलतंय?"

सोमा खाली बघू लागला. ठकूबाईला ते दिसलं नसणार, तरी ती जरा हळू आवाजात म्हणाली, "पोरगी गेली म्हंजे जावई पण गेला, असं धरून चालले होते मी."

"चुकलं माझं, मामी." त्याला आणखी बरंच सांगायचं होतं. तोंडून एवढंच आलं, "दार बिघडलं होतं."

"झालं नीट?"

"झालं."

"मग चला. डॉक्टर काय माझा जावई नाय, माझ्यासाठी खोळंबून राहायला." आणि मग स्वतःच म्हणाली, "आणि जावई तरी कुठं राहिला!"

नम्रता दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती.

दोघांनी धरून तिला आधी सीटवर टेकवलं, मग सोमाने तिचा पाय उचलून अलगद आत घेतला. तो सरळ पसरला. ठकूबाईने हाताने चाचपून पाहिलं, खण, दार, सीटची कड.

"विशूची जागा."

"हो."

"एवढं मागं बसायची?"

"नाय. ती पार पुढं. पाट्यांसाठी."

ठकूबाईने पसरलेल्या पायावरून हात फिरवला. गाडीने वेग घेतला आणि दारं खट्ट झाली, तशी ती दचकली. "कोंडलंत काय मला?"

"आपोआप लागतं, मामी. गाडी बंद केली की उघडतं."

"मागच्या खेपेला गेले नाय म्हणून बंदोबस्त केलाय, बोला ना सरळ."

पुढे एका गुराख्याने गुरं रस्त्यावर घातली होती, गाडी थांबली. सोमाने खिशातले वाल काढून तिच्या तळहातावर ठेवले. ठकूबाईने ते अंगठ्याने एकेक करून फिरवले.

"हे माझे हायेत."

"सीटखाली अडकले होते."

तिने एकेका दाण्याला नख लावून पाहिलं. "हा पोकळ. ह्याला कीड. हा पण गेला." पोकळ दाणे तिने खिडकीतून बाहेर टाकले, सोमा हां हां म्हणेपर्यंत. "हे दोन बरे हायेत." दोन दाणे तिने पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. "भात कापून झालं की कुंपणाला लावीन. डोळा आला तर नीट निगा करता येईल." गुरं गेली, गाडी निघाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाकीचं बी पण हाय माझ्याकडं. शेंगा लागल्या की बाजाराला न्याल?"

"नेईन की."

"पाटी कुठं ठेवाल? माझ्या मागं तर उंदीर पण मावायचा नाय आता."

सोमाने आरशातून मागे पाहिलं. "माझ्या मागं ठेवू. मी घेतो माझी सीट पुढं."

"तुमी एवढे लांबडे. काच फोडून बाहेर जाल एखाद्या दिवशी."

हे तर सोमाचेच शब्द. तिला ते विशाखानेच सांगितले असणार, कोंडाण्याच्या त्या ओट्यावर बसून, आईपाशी नवऱ्याची चेष्टा करताना.

"जाईन," तो म्हणाला. "तुमी बसा नीट."

दवाखान्याच्या आवारात त्याने गाडी बंद केली. उतरून पलीकडच्या बाजूला वळला तोवर दार खट्ट झालं. ठकूबाईला हँडल सापडलं होतं. तिने दार ढकलून उघडलं होतं आणि लांब केलेला पाय बाहेर काढून ती त्याच्या हाताची वाट बघत होती.