खुर्चीत बसवलेलं उत्तर

थोरलीचं पाठांतर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी शिकवणीच्या बाईंनी तिला एक युक्ती सांगितली. घरातल्या एकेका वस्तूवर मनानं एकेक उत्तर ठेवायचं आणि पेपरात डोळे मिटून घरभर फिरून यायचं. तिनं हृदय दारावर टांगलं, फुप्फुसं पडद्यांना अडकवली आणि काही केल्या डोक्यात न शिरणारं मेलं ते मूत्रपिंड बाबांच्या खुर्चीत बसवलं. बाबा गेल्यापासून ती खुर्ची खिडकीशी रिकामीच होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती शिकवणीहून आली, तर खुर्चीच नाही. आईनं ती देऊन टाकली होती.

"अगं, माझं मूत्रपिंड होतं त्यात." ती रडकुंडीला आली.

"रोज नजर जायची गं तिकडे," आई एवढंच म्हणाली.

पेपरात नेमका तोच प्रश्न आला. तिनं डोळे मिटले आणि दारातून आत शिरली.

संध्याकाळी आईनं भीतभीतच विचारलं, "आठवलं का?"

"सगळं. खुर्ची होती तिथंच."

भाजी चिरता चिरता आईचा हात थांबला. "आणि हे?"

"होते ना. मूत्रपिंड मांडीवर घेऊन बसले होते."