नावाची पट्टी

विमलताईंच्या कापसात ओल साडेनऊ टक्के होती. हे मी खात्रीनं सांगते, कारण ओल मोजायच्या मशीनची सळई मीच त्यांच्या ट्रॉलीत वर, मधे आणि तळाशी खुपसली होती. तळाशी खुपसायला हात खांद्यापर्यंत कापसात घालावा लागतो. दिवसभर ते केलं की कोपरापर्यंत काड्यांचे ओरखडे उठतात. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केल्यावर राळेगावजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या आवारातल्या कापूस खरेदी केंद्रावर मला हंगामापुरतं हे काम मिळालं होतं. बारापर्यंत ओल आमच्याकडे चालायची. त्याच्या वर गेली की गाडी परत.

मी बटण दाबलं, आकडा खिडकीतल्या कॉम्प्युटरवर गेला आणि मी पुढच्या ट्रॉलीकडे वळले. थोड्या वेळानं खिडकीपाशी आवाज चढला.

"चौदा?" विमलताई म्हणत होत्या. "कोणाच्या कापसात चौदा?"

"तुमच्याच, काकू," आतून दिपाली म्हणाली. खिडकीवरचा कॉम्प्युटर तीच सांभाळायची. "स्क्रीनवर आहे ना. मी काय मनानं सांगून राह्यली का?"

"मी आंगणात वाळवला, ओसरीत वाळवला, खाटेखाली वाळवला. घरात पाय ठेवाले जागा नाही माह्या. अन् तू मले चौदा सांगतं?"

ते बोंडअळीचं वर्ष होतं. निम्मी बोंडं किडीनं आतून पोखरलेली, उरलेल्यातली कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, बायकांनी एकेक करून वेगळी काढलेली. त्यात जिनिंगचं आवार भरलं म्हणून दुसऱ्या दिवसापासून आमचं केंद्र बंद होणार होतं. परत गेलेली गाडी मग फाटकाबाहेरच्या व्यापाऱ्याकडेच जायची. तो फाटकाकडे तोंड करून खुर्ची टाकून बसलेला असायचा. आमच्याकडून कोण परत येतं, हे बघत.

मी मशीन तशीच ट्रॉलीत सोडून खिडकीमागच्या खोलीत गेले.

स्क्रीन पांढरीशुभ्र होती. तिचे दोन सारखे भाग, प्रत्येक भागात मधोमध एक करडा आकडा. उजवीकडे चौदा, डावीकडे सव्वादहा. बाकी काहीच नाही. साडेनऊ कुठेच नव्हता.

आठवड्यापूर्वी ही स्क्रीन अशी नव्हती. प्रत्येक गाडीचा आकडा आला की त्याची एक चौकट उघडायची आणि चौकटीच्या डोक्यावर निळी पट्टी असायची. पट्टीवर टोकन नंबर आणि शेतकऱ्याचं नाव. कोपऱ्यात फुली. मग नागपूरहून इंद्रजित आला. सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीचं होतं. त्यानं पट्ट्या काढल्या, कडा काढल्या, फुली काढली, खालची ओळही काढली. चौकटी आता आपल्या आपण जागा वाटून घ्यायच्या. बंद करायची तर दोन बटणं एकदम दाबायची.

मला या गोष्टीचं कुतूहल आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मीही असंच काहीसं वापरते, माउसशिवाय चालणारं. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले होते.

"जे कामाचं नाही, तो सगळा कचरा," तो म्हणाला होता. "माणसाला आकडा बघायचा असतो. पट्टी कशाला?"

"मग आकडा कोणाचा, ते कसं कळणार?"

"नवीन चौकट नेहमी उजवीकडे उघडते. जागा हेच नाव."

वाक्य छान होतं. मला आवडलंही होतं. आता त्या स्क्रीनपुढे उभी राहून तेच वाक्य आठवलं आणि माझे कान तापले.

"दिपाली, या काकूंच्या आधी तू काय केलंस?"

"आधीची गाडी झाली तं तिची चौकट बंद केली. दोन बटणं दाबून. इंद्रजित सरांनीच सांगितलं होतं तसं."

"तेव्हा काकूंचा आकडा आलेला होता?"

तिनं मान हलवली. आलेला होता. दोन बटणं दाबली की जी चौकट सगळ्यांत नवी तीच बंद व्हायची. आधीच्या गाडीची समजून दिपालीनं विमलताईंची चौकट घालवली होती. ती गेल्यावर बाकीच्यांच्या जागांची अदलाबदल झाली आणि दुसऱ्याच कोणाची तरी चौदा उजवीकडे येऊन बसली. जागा हेच नाव.

इंद्रजित खोलीतच, मागच्या टेबलावर होता. मी त्याला हाक मारली. त्यानं उभ्या उभ्या स्क्रीन पाहिली.

"युजर एरर आहे," तो शांतपणे म्हणाला. "मॅडमनी चुकीची विंडो बंद केली."

दिपालीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार तेवढ्यात मी म्हणाले, "यातली चौदा कोणाची आहे?"

"म्हणजे?"

"तुम्ही बनवलंय ना. दोनच चौकटी आहेत. चौदा कोणाची, सव्वादहा कोणाची, एवढंच सांगा."

त्यानं माउस हातात घेतला. बाण चौदाच्या भोवती फिरला, सव्वादहाच्या भोवती फिरला. दाबायला कुठेच काही नव्हतं. त्यानं चष्मा वर सरकवला. "लॉगमध्ये, मागच्या नोंदींत बघावं लागेल."

"दिपालीनं दर गाडीला लॉग बघायचा का?"

"तुम्ही उगाच चिडताय, मॅडम."

"उगाच नाही चिडत. मी मोजलेला आकडा साडेनऊ आहे आणि तुम्ही तो चौदा करून बाहेर सांगताय. याला माझ्या भाषेत मोजमाप म्हणत नाहीत."

केंद्रप्रमुख किसनराव आवाज ऐकून आत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बरोबर आहे तुमचं, पायल. पण सिस्टीमवर गाडी परत लागली आहे. नवं टोकन घ्या म्हणा, मागून लागा म्हणा."

"मागं रांग फाटकापर्यंत आहे, सर. पाचला काटा बंद होतो. नंबर लागणार आहे का त्यांचा?"

"मग मी काय करू? नियम मी नाही केला."

विमलताईंनी खिडकीच्या गजांना धरून हे सगळं ऐकलं होतं. त्या रागावून ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला. "गाडी काट्यावर घे अन् इंजिन बंद कर."

ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढला आणि थांबला. आता दुसरी कुठलीच गाडी पुढे जाऊ शकत नव्हती.

"ताई, मागं लोक आहेत," किसनराव म्हणाले.

"हायेत तं राहू द्या. त्यायले बी समजू द्या कोणाचे आकडे कोणाले लागून राह्यले." मग त्या इंद्रजितकडे वळल्या. "काय वो साहेब, काय काढलं म्हणे तुमी याच्यातून?"

"काही विशेष नाही. नावाच्या पट्ट्या होत्या वर. स्क्रीन भरून दिसायची. अनावश्यक कचरा."

"कचरा," विमलताई म्हणाल्या. "कापसातला कचरा निवडू निवडू माही बोटं फाटली. पाल्याचा तुकडा दिसला तं तुमी भाव पाडता. अन् तुमी माहं नावच कचऱ्यात टाकलं."

मागच्या रांगेतून कोणी तरी हसलं. "ताई, साहेबाले ग्रेड द्या. कचरा जास्त हाये म्हणा."

"हसू नका रे," विमलताई न वळता म्हणाल्या. "तुमचे बी आकडे त्यातच हायेत."

हसणं थांबलं. खिडकीपाशी माणसं गोळा व्हायला लागली. किसनरावांनी एकदा काट्याकडे, एकदा माणसांकडे पाहिलं आणि इंद्रजितला म्हणाले, "जसं होतं तसं करून द्या."

"सर, पूर्ण डिझाइन त्यावर—"

"करून द्या."

तो खुर्चीवर बसला. सेटिंगची फाइल उघडली आणि पट्टीच्या ओळीतलं शून्य खोडून तिथं एक लिहिला. एवढंच काम होतं. एका आकड्याचं. मला खरं तर तेव्हाच सगळ्यांत जास्त राग आला. आठवडाभर त्या शून्यावर माणसं परत गेली होती.

स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पट्ट्या परत आल्या. मी मॉनिटर उचलून खिडकीकडे फिरवला. चौदाच्या डोक्यावर सकाळच्या एका गाडीचं नाव होतं. तो कापूस खरोखर ओला होता, माझा हात ओला झाला होता, ती गाडी नियमानं परत गेली होती आणि तिची चौकट उघडीच राहिली होती.

मी मशीन घेऊन काट्यावर गेले. किसनराव स्वतः ट्रॉलीच्या चाकावर चढले. वर, मधे, तळाशी. दिपालीनं आतून मोठ्यानं आधी नाव वाचलं, मग आकडा. साडेनऊ. किसनरावांनी सिस्टीमवरचा 'परत'चा शेरा रद्द करायला इंद्रजितला सांगितलं. तेही त्याला करता येत होतं. विमलताईंचा कापूस आत गेला.

त्या मात्र गेल्या नाहीत. खिडकीपाशीच उभ्या होत्या, पदरानं मान पुसत. "अन् ते दुसरं कोणाचं नाव हाये वो त्याच्यावर?" त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा घरी होता. "सव्वादहावालं?"

दिपालीनं पट्टी पाहिली आणि तिचा हात तोंडावर गेला. "पूनमसिंग," ती म्हणाली. "जेवायच्या सुट्टीआधीचे. तेव्हा बी जागा बदलून उजवीकडं चौदाच आले होते, तेच मी त्यांना सांगितले."

टोकनासोबत फोन नंबर होता. मी लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी उचलला. मागं माणसांचा गलका होता, फावडं घासल्याचा आवाज होता.

"पूनमसिंगजी, केंद्रावरून बोलते. तुमची ओल सव्वादहाच आहे. आमच्याकडून चुकीचा आकडा सांगितला गेला. गाडी घेऊन परत या, आम्ही घेतो."

गलका तसाच चालू होता. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"समजलं, मॅडम," ते म्हणाले. "पण मी व्यापाऱ्याकडं खाली करून राह्यलो. अर्ध्याच्या वर गेला त्याच्या गंजीत. सगळ्यायचाच कापूस हाये तिथं, सगळा पांढरा. आता त्यातला माहा कोणता, हे कसं वळखू?"

फोन स्पीकरवर होता. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. इंद्रजित लॅपटॉप बॅगेत भरत होता. मी फोन त्याच्यासमोर धरला.

"सांगा त्यांना," मी म्हणाले.