विरोधात असणाऱ्यांनी उभं राहावं

मी एक जुनी खुर्ची आहे, ओक लाकडाची. मित्रांनो, माझा जन्म अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या एका राज्यात, गेल्या शतकाच्या सुरुवातीला झाला. तिथल्या विधानसभेत माझ्यावर हाइनरिश नावाचे आमदार बसत. मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियातले सुतार, अंगाने जाडजूड आणि बोलताना अडखळणारे.

एकदा सभागृहात कायदा आला, की काळ्या माणसांनी रेल्वेत वेगळ्या डब्यात बसावं. सभापती म्हणाले, "विरोधात असणाऱ्यांनी उभं राहावं." आमचे हाइनरिश उठले. नव्वद खुर्च्यांत मी एकटीच रिकामी झाले. लोक खो खो हसले. मोजणी संपेपर्यंत ते उभेच राहिले. मला त्यांचा फार अभिमान वाटला. कायदा झालाच. पुढच्या निवडणुकीत ते पडले आणि मला विकत घेऊन मायदेशी परतले.

मग कित्येक वर्षं मी माळ्यावर धूळ खाल्ली. अखेर त्यांच्या पणतीने मला म्युनिकच्या जुन्या बाजारात श्यामकांत यांना विकलं आणि सगळी हकीकतही सांगितली. श्यामकांत पुण्याचे, आता म्युनिकमध्येच मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. येईल त्या पाहुण्याला ते माझी गोष्ट ऐकवतात.

यंदा जूनमध्ये इमारतीतल्या घरमालकांची सभा अंगणात भरली. ज्याने त्याने आपापली खुर्ची आणली. ठराव असा होता : तळमजल्यावरच्या एरिट्रियन भाडेकरूंच्या मुलांनी अंगणात फक्त दुपारी तीन ते चार खेळावं. बाकीच्यांच्या मुलांना वेळेचं बंधन नाही. भाडेकरूंना मत नसतं, म्हणून मुलांची आई सेलाम सकाळीच आमच्या घरी आली होती.

"तुम्ही तरी बोलाल ना?"

"नक्की," श्यामकांत म्हणाले.

ती गेल्यावर त्यांची पत्नी ऊर्मिला म्हणाली, "अहो, आपण कशाला मध्ये पडायचं? आपली वोनुंग स्वतःची आहे, भाड्याचा फ्लॅट नाही. आपल्याला कुठे कोण काय म्हणतंय?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," श्यामकांत पुटपुटले.

सभेत विरोधकांना उभं राहायला सांगितलं. श्यामकांतांनी माझे हात घट्ट धरले. आता उठतील, असं मला वाटलं. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ हसून म्हणाले, "तुमचं वेगळं हो, तुम्ही तर आमच्यातलेच." श्यामकांतही हसले आणि बसून राहिले. ठराव एकमताने मंजूर झाला. मला लाज वाटली.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. "याच खुर्चीवरून वर्णभेदाला विरोध झालाय, बरं का!" श्यामकांत सांगत होते. चार वाजले, तशी खालून सेलामने मुलांना घरात यायला हाक मारली. श्यामकांतांनी उठून बाल्कनीचं दार लावलं आणि गोष्ट पुढे चालू केली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण मला चार पाय असूनही स्वतःहून उठता येत नाही. तुम्हाला येतं.