देवमनची चाल

"माही खुर्ची आत घे वो. ऊन लागून राहिलं," नत्थुजी ओट्यावरून ओरडले.

ऊन अजून गल्लीत उतरलंच नव्हतं. सुभद्राबाई दारात आल्या आणि त्यांना कारण दिसलं. समोरून देवमन येत होता. डावा हात भिंतीला, उजवा पाय जमिनीवर गोल ओढत. एक पाऊल, थोडा दम, मग दुसरं.

"देवमनभाऊ पाहा," त्या म्हणाल्या. "दिवाळीले पोराच्या खांद्याशिवाय उभे नोते राहत."

"मंग जा, आरती ओवाळ त्याची."

मोर्शीच्या भाजीबाजारात दोघांची दुकानं शेजारी. नत्थुजींचा आवाज असा की, बाजाराच्या तोंडाशी आलेलं गिऱ्हाईक त्यांच्याच ढिगाकडे वळायचं. उरलेलं देवमनकडे. देवमन वांगीसुद्धा एकेक उलटून पाहत तराजूत घालायचा; नत्थुजी त्याला हसायचे आणि तोही हसायचा.

मग एकाच पावसाळ्यात दोघांनाही लकवा मारला. आधी देवमनला, मागून नत्थुजींना. दोघांचीही उजवी बाजू गेली. अमरावतीच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी आकांक्षाताई म्हणाली होती, "नत्थुजी, तुमचं अंग दणकट आहे. तुम्ही आधी चालाल." ते वाक्य त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. आणि खरोखर तेच आधी काठी घेऊन उभे राहिले, अंगणात चालले. देवमन तेव्हा खाटेवर पडून रबरी चेंडू दाबत होता, आणि चेंडू दबतही नव्हता.

पुढे नत्थुजींची प्रगती अडली. महिनाभर काठी तीच, अंगण तेच. "रोज उठून तेच तेच. काय फायदा?" म्हणत त्यांनी आधी चेंडू सोडला, मग काठी. सुभद्राबाई धरून खुर्चीवर बसवायच्या, तेवढंच उरलं.

देवमनचा चेंडू चालूच होता.

रोज सकाळी नत्थुजी त्याची वाट पाहत. त्याचा पाय कालच्यापेक्षा कमी घासतो का, हे त्यांच्याइतकं बारकाईनं त्याच्या घरच्यांनीही पाहिलं नसेल. एकदा तो त्यांच्या डोळ्यांदेखत नालीच्या कडेला पडला. सुभद्राबाई धावल्या. नत्थुजींना आतून गार वाटलं. 'बरं झालं,' ते पुटपुटले. बायकोनं त्याचं डोकं आपल्या पदरानं पुसलेलं पाहिलं, आणि तो गारवाही गेला.

दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी लावून देवमन पुन्हा गल्लीत. त्या दिवशी नत्थुजी जेवले नाहीत.

फाल्गुनातल्या एका सकाळी देवमन पुढे न जाता त्यांच्याच ओट्याशी थांबला. खांब धरून पायरी चढला.

"नत्थुभाऊ, येत्या बाजारापासून बसतो म्हणतो दुकानावर. घंटाभरच."

"बस ना. मले काहून इचारतं?" नत्थुजी म्हणाले.

"तुमच्या जागेवर लोकं टपून हायेत. मी दोन पोते टाकून ठेवतो. कोणाले बसू देत नाही."

म्हणजे आता याच्या मेहेरबानीवर आपली जागा! नत्थुजींचा चेहरा ताठरला. पण बरेच दिवस छातीत अडकलेला प्रश्न निसटलाच. "कसं जमलं रे तुले?"

"जमलं कुठी?" देवमननं आपला वाकडा हात पुढे केला. "कपबशी धरली का चहा अजून सांडते. काल जरा जास्त सांडला, आज जरा कमी. आता उद्या पाहू."

"तुले कंटाळा नाही येत?"

"येते ना! येते तरी निंगतो."

नत्थुजींनी आत हाक मारली, "सुभद्रे, याच्यासाठी ऑटो बोलाव. थकला असन तो."

"नाही वो भाऊ, चालतच जातो."

देवमन पायरी उतरला. नत्थुजी त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. आता दम लागेल, आता कुठंतरी टेकेल. पिठाच्या गिरणीशी एक टेम्पो उभा होता. देवमन त्याच्याआड गेला आणि पलीकडून लवकर दिसेना. टेकला वाटतं! नत्थुजींनी मान लांब केली. दिसेना. त्यांनी डाव्या हातानं खांब धरला, आणखी वर झाले.

टेम्पोपलीकडून देवमन निघाला. तो चालतच होता.

चहा घेऊन आलेल्या सुभद्राबाई दारातच थबकल्या. खुर्ची रिकामी होती. नत्थुजी खांबाला धरून, थरथरत्या पायांवर, गल्लीकडे तोंड करून उभे होते आणि तोंडातल्या तोंडात देवमनला शिव्या देत होते.

पावलांचा आवाज न करता सुभद्राबाई कप घेऊन तशाच मागे सरल्या.