अजून एक पोळी

बुधवारी सकाळी नीलम्मा अंगणात बसून भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफलं सुपात पाखडत होती. तिचा नवरा कल्याणप्पा सायकल भिंतीला टेकवून म्हणाला, "उद्या साहेब येणारेत. बारा वाजता जेवायला."

"बरं," ती म्हणाली आणि सूप हलवत राहिली.

मुरुम गावात वायरमनचं काम शिकवणारं एक सेंटर होतं, तिथं कल्याणप्पा शिपाई होता. प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरगावाहून येणाऱ्या परीक्षकाचं जेवण त्याच्याच घरी, हा बारा वर्षांचा रिवाज. नीलम्माच्या हातची शेंगापोळी खाल्ली की साहेब पाटावरनं उठतच नाहीत, असं गावात बोललं जाई आणि ते ऐकून ती हरखून जाई. का नाही हरखणार हो? चुलीपुढं जन्म घालवलेल्या बाईचं कौतुक दुसरं कोण करतं! सेंटरचे चालक महारुद्र सर दरवेळी एवढंच सांगायचे, "अक्का, पोळी एकेक करून वाढा. तव्यावरची थेट ताटात. घाई अजिबात करू नका."

त्या घाई न करण्यातच सगळी मेख होती. साहेब इकडं दोन तास पोळ्या खात बसायचे आणि तिकडं हॉलमध्ये सरांचा जुना माणूस, शांतलिंग मिस्त्री, एकेका पोराचा परीक्षेचा वायरिंगचा बोर्ड जोडून द्यायचा. साहेब ढेकर देत परत यायचे, जोडलेले बोर्ड बघायचे आणि सह्या ठोकायचे. सगळी पोरं पास, सगळे आई-बाप खूश. एरवी वर्षभर ते बोर्ड प्लास्टिकात गुंडाळून कपाटात कुलूपबंद असत, पोरांनी हाताळले तर खराब होतील म्हणून. धन्य ते शिक्षण!

नीलम्माला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. थोडं ठाऊक होतं. जेवढं ठाऊक असूनही माणसाला सुखानं झोप लागते, तेवढं.

तिचा थोरला, मल्लेश, याच सेंटरातनं पास झाला होता. पुढं वर्षभरानं गावातल्याच एका डाळमिलमध्ये मोटर जोडायला गेला. मेन स्विच पाडला आणि पेटीत हात घातला. मिलला जनरेटरचीही लाइन होती आणि ती चालू होती. संपलं. बावीस वर्षांचा पोरगा. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं, की मृत इसम प्रमाणपत्रधारक असूनही त्यानं खात्री करून घेतली नाही, सबब चूक त्याचीच.

त्याला आता चौदा महिने झाले. नीलम्मा रडली नव्हती. बाया गळ्यात पडून रडून गेल्या, हिच्या डोळ्याला टिपूस नाही. उठायची, झाडायची, भाकरी थापायची. आमटीत कधी दोनदा मीठ पडायचं, कधी पडायचंच नाही. कुणी काहीही सांगितलं तर "बरं" म्हणायची. शेंगापोळी मात्र तिनं तेव्हापासून तोंडात घातली नव्हती.

आता धाकटी महेश्वरी त्याच परीक्षेला बसली होती. उमरग्याकडं सोलरच्या कामावर पोरींनाही घेत होते, फक्त प्रमाणपत्र पाहिजे होतं. ती पुस्तक घेऊन उंबऱ्यात येऊन बसली.

"झाला का अभ्यास?" नीलम्मानं विचारायचं म्हणून विचारलं.

"पुस्तक पाठ हाय अव्वा. बोर्डाला मात्र अजून हात लावलेला न्हाय."

"मग उद्या कसं करशील?"

"शांतलिंगमामा करत्यात की. समद्यांचंच करत्यात."

सूप थांबलं. "मल्लेशचंबी?"

महेश्वरीनं पुस्तक मिटलं. मग उठून आत गेली आणि ट्रंकेतून भावाचा गुणांचा कागद घेऊन आली. बोट ठेवून वाचायला लागली. "पुरवठा पूर्ण बंद असल्याची दिवा लावून खात्री करणे. वीसपैकी अठरा."

"म्हंजी काय गं?"

"म्हंजी तारेला हात लावायच्या आधी टेस्ट लॅम्प लावून बघायचं, करंट आणिक कुठनं येतोय का. अव्वा, त्या दिवशी दादानं तेवढंच बघितलं न्हाय. त्याला कुणी करायलाच लावलं नव्हतं."

नीलम्माला मल्लेशच्या परीक्षेची दुपार आठवली. साहेबांनी पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला होता. तिनं हसून त्या हातावरनंच पोळी सरकवली होती. "अजून एक घ्या साहेब, आज आमच्या पोराची परीक्षा हाय." साहेबही हसले होते. वर तूप मागून घेतलं होतं.

"बरं," ती म्हणाली आणि शेंगदाणे कुटायला आत गेली.

गुरुवारी तिनं सगळा स्वयंपाक नेहमीसारखा केला. येसरची आमटी, भात, कुरडई, शेंगापोळ्या. मायलेकींचं कालचं बोलणं कल्याणप्पाच्या कानावर पडलं होतं, पण हे बघून त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो सेंटरात गेला. साडेअकराला तिनं ताट, वाटी, तांब्या सगळं टोपलीत भरलं, वर धुतलेलं फडकं टाकलं आणि टोपली डोक्यावर घेऊन भर उन्हात सेंटरची वाट धरली.

हॉलमध्ये बारा पोरं-पोरी आपापल्या बोर्डापुढं हात बांधून उभी होती. परीक्षक खुर्चीतून उठायच्या बेतात होते. महारुद्र सर दारातच आडवे आले. "अक्का, तुम्ही इकडं कुठं? साहेबांना घेऊन मी निघालोच होतो."

"त्यांना उन्हाचं कशाला चालवायचं? ताट हितंच आणलंय."

"हॉलमध्ये बरं दिसत नाही हो."

"जेवण हाय सर, चोरी न्हाय," असं म्हणून ती आत गेली आणि परीक्षकांच्या टेबलावर ताट मांडायला लागली. "बसा साहेब. खुर्ची सोडू नका. जेवता जेवता पोरं काय जोडत्यात ते बघा."

मागच्या दारात शांतलिंग मिस्त्री पक्कड घेऊन उभा होता. तो तिथंच घुटमळला. कल्याणप्पा धावत आला आणि तिच्या कानाशी लागला. "डोकं फिरलं का तुझं? नोकरी जाईल माझी! आणि ह्यांच्यात आपली पोरगी हाय!"

"आपली पोरगी हाय म्हणूनच." मग ती परीक्षकांकडं वळली. "दोन वर्सांमागं तुमीच आला होता का दुसरं कुणी, मला आठवत न्हाय. साहेबांची तोंडं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाईत, ताट ऱ्हातं. त्या ताटात म्या एक पोळी जास्ती वाढली. तेवढ्या वेळात माझ्या मल्लेशला अठरा मार्क पडले. न येणाऱ्या कामाचे अठरा मार्क. त्या मार्कांवर इसवास ठेवून त्यो पेटीत हात घालून बसला."

हे ती ओरडून बोलली नाही. आमटीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तशा आवाजात बोलली. महारुद्र सर खिशातला रुमाल काढून उगाच मान पुसत राहिले.

परीक्षकांनी ताटावर फडकं झाकलं आणि ते बाजूला सरकवलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून बोर्डांसमोर आणली आणि म्हणाले, "सुरू करा. आपापलं. मिस्त्री, तुम्ही बाहेर थांबा." मागचं दार लावून घ्यायलाही त्यांनीच सांगितलं.

महेश्वरीनं आधी टेस्ट लॅम्प उचलला. मेनची लाइन बघितली. मग दुसरी लाइन बघितली. मग पुन्हा एकदा दोन्ही बघितल्या. पुढं मात्र तारा तिच्याच्यानं जुळेनात. एक जोडली की दुसरी सुटायची. वेळ संपली तेव्हा तिचा बोर्ड अर्धाच झाला होता. भिंतीशी उभी असलेली नीलम्मा हे सगळं बघत होती.

संध्याकाळी दारावर यादी लागली. बारातले दोघं पास. त्यात महेश्वरी नव्हती. सोलरचं काम हातचं गेलं. महारुद्र सरांनी कल्याणप्पाला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. पोरांचे आई-बाप थेट घरापर्यंत आले. "आमच्या पोरांचं वर्स बुडवलंस, तुला काय मिळालं?" अंगणात उभं राहून नाही नाही ते बोलले. काल-परवापर्यंत तिच्या पोळीचं कौतुक करणारी हीच माणसं. नीलम्मानं सगळं ऐकून घेतलं.

ते गेल्यावर महेश्वरी चुलीपाशी येऊन बसली. "अव्वा, दिवा लावून बघायच्या कामाला वीसपैकी वीस पडले. बाकी समदं गेलं."

"वीस?"

"व्हय. पुरे वीस."

नीलम्मानं टोपलीतलं फडकं काढलं. साहेबांनी न खाल्लेल्या पोळ्या तशाच होत्या. तिनं एकीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला हुंदका फुटला. कल्याणप्पा दाराआड उभा होता, तो आत येऊन भिंतीला टेकून बसला. पोरीनं आईला थोपटलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळानं नीलम्मानं पदरानं तोंड पुसलं आणि एक पोळी पोरीच्या हातावर ठेवली. "उद्या त्या शांतलिंगाकडनं जुनापाना बोर्ड मागून आण. घरी जोडायचा आणि सोडायचा. हाताला सवय होईस्तवर." पोरीनं पोळी संपवली तशी तिनं दुसरी वाढली. "अजून एक घे."

वाचकहो, आज घरी दिवा लावाल तेव्हा भिंतीतल्या त्या तारांकडं एकदा बघा. त्या ज्यानं जोडल्या, त्याच्या परीक्षेच्या दिवशी साहेब कुठं जेवायला गेले होते? आणि त्यांना आग्रहानं वाढणारे हात कुणाचे होते?