लपवलेलं पान

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बाहुल्यांच्या थिएटरच्या वेबसाइटवरून एक निरोप आला आणि डिझायनरने लगेच त्याचं उत्तर पाठवून दिलं.

निरोप साधा होता. 'नवी वेबसाइट आवडली. बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईंचा फोटो फार छान. त्या आज किती वाजेपर्यंत भेटतील?' नावाच्या जागी 'एक चाहता' एवढंच. उत्तरही साधं होतं. 'मनःपूर्वक आभार! शिवणखोली सहापर्यंत उघडी असते. मागच्या गल्लीतल्या दाराने यावे.'

डिझायनर घरूनच काम करायचा. बाहुल्यांचं थिएटर, एक चित्रदालन, एक गायकवृंद अशा लहान संस्थांच्या वेबसाइट तो बनवायचा आणि पुढे सांभाळायचाही. या लोकांकडे चौकशांना उत्तरं द्यायला वेगळा माणूस नसतो, म्हणून त्या थेट त्याच्याकडे येत. उत्तर पटकन जातं याचा त्याला अभिमान होता. थिएटरची नवी वेबसाइट त्याच दिवशी सकाळी सुरू झाली होती. जुन्या प्रेक्षकांना तसं कळवलं होतं आणि तेव्हापासून कौतुकाचा पाऊस पडत होता.

"भावजी, आज स्वारी खुशीत दिसते," वहिनी चहा घेऊन आली. "सकाळपासून एकटेच हसताय. शेजारचे विचारायला लागतील."

"लोकांना काम आवडलंय, वहिनी. तुम्हीच बघा."

वहिनीने कपबशी टेबलावर ठेवली आणि संगणकाच्या पडद्याकडे वाकून पाहिलं. काहीही वाचायचं तर ती तांदूळ निवडल्यासारखं वाचायची.

"ह्या फोटोतल्या बाई कोण?"

"अक्का. बाहुल्यांचे कपडे शिवतात."

"म्हणजे त्याच ना, ज्यांचा फोटो कुठे लावायचा नाही म्हणून थिएटरच्या सरांनी तुम्हाला तंबी दिली होती?"

"लावलेला नाहीच. हे पान लपवलंय. मी मालकाच्या पासवर्डने आत आहे म्हणून मला दिसतं. बाहेरच्या माणसाला..."

तो बोलता बोलता थांबला. बाहेरच्या माणसाने नुकतंच त्या फोटोचं कौतुक केलं होतं. त्याने वहिनीच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावला आणि त्यावर वेबसाइट उघडली. बोटात अंगुस्तान घातलेली, मान किंचित तिरकी करून हसणारी अक्का वहिनीच्या फोनवर दिसू लागली. खाली शिवणखोलीचा पत्ता.

अक्का घर सोडून या शहरात आली होती ती नवऱ्याच्या हातून जीव वाचवून. थिएटरच्या सरांनी हे मोजक्या लोकांनाच सांगितलं होतं. हे पान पूर्वी एकदा चुकून चढलं तेव्हा अक्का डिझायनरला म्हणाली होती, "माझा चेहरा नको रे भाऊ. हातांचा फोटो काढ हवं तर. हात काय, सगळ्यांचे सारखेच." त्याने त्याच क्षणी पान लपवलं. पण पुसलं नाही. पत्ता आणि वेळा पुढे कधीतरी लागतील, असं त्याला वाटलं.

नव्या वेबसाइटवर सगळी पानं एका दमात आणताना लपवल्याची खूण मागेच राहिली. त्याने सगळं तपासलं होतं. पण मालक म्हणूनच तपासलं. अक्काचा फोटो त्याला नेहमीच दिसायचा, म्हणून तो दिसला तरी त्याला काही खटकलं नाही.

त्याने पान काढून टाकलं. पाठवलेलं उत्तर काही परत येणार नव्हतं.

"वहिनी, तुमच्या फोनवरून पोलिसांना लावा. थिएटरचा पत्ता द्या. सांगा, एका बाईच्या जिवाला धोका आहे."

"खरंच?"

"लावा हो!"

त्याने सरांना फोन केला. घंटा वाजत राहिली. चारचा खेळ चालू होता, आणि खेळ सुरू झाला की सगळ्या कलाकारांचे फोन एका पत्र्याच्या पेटीत बंद व्हायचे. ऐन भरात आलेल्या प्रवेशात कुणाचा तरी फोन वाजल्यापासूनचा सरांचा तो नियम होता. अक्काकडे तर फोनच नव्हता. फोनवरूनच तिचा माग लागला होता एकदा.

शेवटी तिकीट खिडकीचा फोन उचलला गेला.

"बोला साहेब!" खिडकीवरचे काका खुशीत होते. "हाउसफुल्ल आहे. तुमच्या वेबसाइटने कमाल केली बुवा. मला वाटलं होतं, आता खिडकीवाल्याला कोण विचारतो..."

"काका, अक्का कुठे आहेत?"

"कुठे असणार? मागे, मशीनवर. राणीची बाही उसवली म्हणून बसल्यात. का हो?"

"त्यांना समोर घेऊन या. लोकांमध्ये. मागचं दार आतून लावून घ्या आणि कुणालाही आत सोडू नका."

"अहो, पण पाहुण्यांना आत्ताच तिकडे धाडलं मी."

"कुठल्या पाहुण्यांना?"

"त्यांचे भाऊ. चांगला माणूस वाटला. तुमचं उत्तर दाखवलं फोनवर, सहापर्यंत भेटतील म्हणून. म्हणाला, ताईची कात्री घरी राहिलीय, ती द्यायची आहे. कागदात गुंडाळून आणली होती बिचाऱ्याने."

"काका, अक्कांना भाऊ नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. काकांनी फोन खिडकीतच ठेवला असावा, कारण आतल्या मुलांचं हसणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. बाहुल्यांचं गाणं चालू होतं. मुलं ठेक्यावर टाळ्या पिटत होती.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "गाडी निघालीय म्हणतात. चौकात अडकलीय. भावजी, काय झालं? तुमचा चेहरा का असा?"

त्याने हाताने तिला थांबवलं. गाणं संपलं. टाळ्या संपल्या. कुणीतरी धापा टाकत फोन उचलला.

"काका? भेटल्या?"

"खोलीत कुणी नाही." काकांचा आवाज ओळखू येत नव्हता. "मशीनचा दिवा चालू आहे. बाही सुईखालीच आहे, अर्धी. मागचं दार सताड उघडं आहे."

"आणि गल्लीत?"

"गल्लीत पाहिलं. कुणी नाही. अक्कांच्या चपला इथेच आहेत. त्यांची कात्री इथेच असते टेबलावर, दोरीने बांधलेली. ती आहे. साहेब, त्याने आणली होती ना, ती मात्र दिसत नाही. नुसता कागद पडलाय."